ग्रंथांचे कुलूप उघडणारा गणिती

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून डॉ. शियाली रामामृत रंगनाथन यांचे नाव आदराने घेतले जाते. गरीब देशातील संशोधकाला जगातील ज्ञान वेळेवर कसे मिळावे, या प्रश्नाशी हा गणिताचा प्राध्यापक जवळपास पन्नास वर्षे झुंजत होता. त्याच्या त्या झुंजीविषयी…

महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत दरवर्षी १२ ऑगस्टला एका प्रतिमेला पुष्पहार घातला जातो. डोक्याला पगडी, डोळ्यांवर चष्मा आणि करारी मुद्रा. हा दिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. एखादे व्याख्यान होते, ग्रंथप्रदर्शन मांडले जाते आणि अनेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी कपाटांना पुन्हा कुलपे लागतात. ज्यांच्या प्रतिमेला हार घातला, त्या रंगनाथन यांची सारी हयात ती कुलपे काढण्यात गेली होती, याची आठवण तेव्हा फारशा कुणाला राहत नाही. खुद्द जन्मतारखेचीही गंमत आहे. कागदोपत्री नोंद १२ ऑगस्टची असली तरी त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९२ रोजी झाला.

जन्मगाव शियाली, म्हणजे आजचे सिरकाळी, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातले. तंजावर म्हटले की मराठी वाचकाला भोसले घराणे आणि सरफोजीराजांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्याच मुलुखात, एका मध्यम स्थितीतील जमीनदाराच्या घरी रंगनाथन वाढले. वडील रामामृत अय्यर गावातील लोकांना जमवून रामायण वाचून दाखवत. मुलगा सहा वर्षांचा असतानाच त्यांचे निधन झाले. बोलताना अडखळणारा हा मुलगा अभ्यासात मात्र हुशार निघाला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून त्याने गणितात बी.ए. आणि १९१६ मध्ये एम.ए. केले. पुढे अध्यापनाचे शिक्षण घेऊन मंगळूर, कोइमतूर आणि अखेर मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज अशी त्यांची गणित शिकवण्याची वाटचाल सुरू झाली. आयुष्यभर आपण वर्गातच उभे राहणार, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

याच तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे, रंगनाथन यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा असलेला आणखी एक गणिती वाढला होता. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. शालेय वयात रामानुजन यांच्या हाती जी. एस. कार या इंग्रज शिक्षकाने संकलित केलेले गणिताचे एक जाडजूड पुस्तक पडले. त्यात हजारो सूत्रे होती, पण बहुतेकांच्या सिद्धता नव्हत्या. त्या एका पुस्तकाच्या आधारावर रामानुजन यांनी आपले गणित उभे केले. पुस्तक १८८० च्या दशकातले. त्यानंतर आणि त्याच्या कक्षेबाहेर युरोपात झालेले काम त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र पाठविले, तेव्हा त्यातील काही निष्कर्ष थक्क करणारे होते, काही युरोपात आधीच सिद्ध झालेले होते आणि काही चुकीचे होते. अलौकिक प्रतिभेची उमेदीची वर्षे जुनेच सिद्धांत नव्याने शोधण्यात खर्च झाली, आणि १९२० मध्ये वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी रामानुजन गेले.

रंगनाथन यांनी पुढे १९६७ मध्ये रामानुजन यांचे चरित्र लिहिले. ते मुंबईच्या एशिया पब्लिशिंग हाऊसने प्रसिद्ध केले. रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्रातील अनेक ग्रंथही याच मुंबईकर प्रकाशन संस्थेने वाचकांपुढे आणले. गणिताच्या या चरित्रग्रंथाकडे ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक सहसा वळत नाहीत. पण रंगनाथन यांच्या कामाचे मोल समजून घ्यायचे तर रामानुजन यांची कहाणी शेजारी ठेवावीच लागते. मागास देशातील संशोधकाकडे बुद्धी असते, चिकाटी असते; आपल्या विषयात जगात काय चालले आहे, हे सांगणारा कागद मात्र त्याच्या टेबलावर वेळेत येत नाही.

रंगनाथन ग्रंथालयात आले ते मात्र या विचाराने नव्हे. मद्रास विद्यापीठाने १९२३ मध्ये ग्रंथपालाचे पद निर्माण केले. अर्ज भरपूर आले, परंतु ग्रंथालयाचे रीतसर शिक्षण घेतलेला उमेदवार त्यात नव्हता. प्राध्यापकीपेक्षा या जागेचे वेतन बरे होते आणि मित्रांचा आग्रह होता, म्हणून रंगनाथन यांनीही अर्ज केला. मुलाखतीला जाण्यापूर्वी त्यांनी विश्वकोशातील ग्रंथालयावरची नोंद चाळली, एवढीच त्यांची तयारी होती, असे सांगितले जाते. जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले आणि काही दिवसांतच कंटाळले. वर्गातील विद्यार्थ्यांच्या गजबजाटानंतर ग्रंथालयातील शांतता त्यांना असह्य झाली. वाचक फारसे येतच नसत. आपल्याला परत शिकवायला घ्यावे, अशी विनंती घेऊन ते प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. इंग्लंडला जाऊन प्रशिक्षण घेण्याची अट त्या पदाला जोडलेली होती. ते प्रशिक्षण आधी पूर्ण करावे आणि परतल्यावरही कंटाळा कायम असेल तर जागा दिली जाईल, असे प्राचार्यांनी त्यांना समजावले. भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पुढचा इतिहास या सल्ल्याने घडवला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांना डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स हे गुरू भेटले. क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख असलेल्या सेयर्स यांनी या गणितज्ञाला पुस्तकी शिक्षणापेक्षा ग्रंथालये प्रत्यक्ष पाहण्यास प्रवृत्त केले. रंगनाथन गावोगावची ग्रंथालये हिंडले. कामगार, गृहिणी, शाळकरी मुले हक्काने आत येतात, कपाटांपाशी उभी राहून पुस्तक निवडतात आणि ग्रंथपाल त्यांना मदत करतो, हे दृश्य त्यांना नवे होते. भारतात पुस्तक म्हणजे जपून ठेवण्याची वस्तू आणि ग्रंथपाल म्हणजे तिचा राखणदार, अशीच सर्वसाधारण समजूत होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारले होते, पण असे अपवाद थोडे होते.

इंग्लंडमधील ग्रंथालयांत त्यांना एक गोष्ट खटकलीही. प्रत्येक ग्रंथालयाची पुस्तके लावण्याची तऱ्हा वेगळी होती. मेल्व्हिल ड्यूई यांची १८७६ पासून प्रचलित असलेली दशांश पद्धत सर्वांत लोकप्रिय होती. या पद्धतीत ज्ञानाचे कप्पे आधीच पाडलेले असतात आणि पुस्तकाला त्यांपैकी एका कप्प्यात बसवायचे असते. पण नवे संशोधन एका कप्प्यात मावत नाही. भाताच्या पिकावर पडणारा रोग, त्या रोगावरील उपाय, ठिकाण भारत आणि काळ विसाव्या शतकाचा मध्य, असा एखादा शोधनिबंध असेल तर तो शेतीत ठेवायचा, वनस्पतिशास्त्रात ठेवायचा की रसायनशास्त्रात? तो चुकीच्या जागी गेला तर ज्याला हवा आहे त्याला तो कधीच सापडणार नाही. सापडला नाही म्हणजे त्याच्यापुरता तो लिहिलाच गेलेला नाही.

याचे उत्तर त्यांना मिळाले ते लंडनच्या सेल्फ्रिजेस या दुकानात. तेथे मेकॅनो नावाच्या खेळण्याचे प्रात्यक्षिक चालू होते. धातूच्या त्याच पट्ट्या, तीच चाके, तेच नट-बोल्ट. पण जोडणी बदलली की कधी गाडी तयार होई, कधी पूल, तर कधी यारी. गणिती रंगनाथन यांना त्या खेळण्यात ज्ञानाची रचना दिसली. तयार कप्पे पाडण्याऐवजी विषयाचे मूळ घटक निश्चित करावेत आणि प्रत्येक पुस्तकासाठी ते घटक हवे तसे जोडावेत. वस्तू कोणती, तिचे गुणधर्म काय, तिच्यावर कोणती क्रिया, कुठे आणि केव्हा, या अंगांनी विषय फोडला तर उद्या निर्माण होणाऱ्या विषयालाही आज जागा ठेवता येते. घटक जोडणारा बोल्ट म्हणून त्यांनी विरामचिन्हांतील द्विबिंदू निवडला आणि पद्धतीला तेच नाव मिळाले. १९२५ मध्ये परतीच्या प्रवासात त्यांनी जहाजावरच्या छोट्या ग्रंथसंग्रहावर या पद्धतीचा पहिला प्रयोग केला. द्विबिंदू वर्गीकरणाचा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला.

आज आपण संगणकावर एखादी वस्तू खरेदी करताना रंग, आकार, किंमत, कंपनी असे पर्याय एकामागोमाग एक निवडत हजारो वस्तूंतून नेमक्या चार-पाच वस्तूंवर येतो. शोधनिबंधांच्या संगणकीय सूचीतही विषय, वर्ष, भाषा, देश अशा चाळण्या लावतो. त्यामागचे तत्त्व रंगनाथन यांनी संगणक येण्यापूर्वी, कागदी तालिकापत्रांच्या काळात मांडले होते.

मद्रासला परतल्यावर प्राध्यापकीचा विषय पुन्हा निघाला नाही. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांनी मुक्तद्वार पद्धत आणली. वाचकाने चिठ्ठी द्यावी आणि शिपायाने आतून पुस्तक आणून द्यावे, ही रीत मोडून वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊ दिले. पुस्तके चोरीला जातील, फाटतील, अशी भीती व्यक्त झाली. पण काही पुस्तके गमावण्यापेक्षा हजारो पुस्तके न वाचली जाण्याचे नुकसान मोठे, हा हिशेब त्यांना सरळ दिसत होता. ग्रंथालयाचे तास वाढले, सुट्टीच्या दिवशीही दारे उघडी राहू लागली. वाचकाची गरज समजून घेऊन त्याला योग्य संदर्भ काढून देण्यासाठी स्वतंत्र माणसे नेमली गेली. जेथे वाचक शोधूनही सापडत नसे, तेथे गर्दी होऊ लागली.

स्वतः रंगनाथन पहाटेपासून रात्रीपर्यंत ग्रंथालयात असत. सुमारे वीस वर्षांत त्यांनी रजा घेतली नाही, असे त्यांचे सहकारी सांगत. १९२८ मध्ये पत्नी रुक्मिणी यांचे अपघाती निधन झाले. पुढच्या वर्षी शारदा यांच्याशी विवाह झाला, त्या दिवशीही विधी आटोपून ते ग्रंथालयात हजर झाल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. ही निष्ठा कौतुकाची, पण तिची किंमत घरच्यांनीही मोजली असणार, हे विसरता येत नाही.

१९२८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मद्रास ग्रंथालय संघाची स्थापना झाली, १९२९ मध्ये ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले आणि १९३१ मध्ये पंचसूत्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही पाच सूत्रे तोंडपाठ असतात. पुस्तकाचे सार्थक त्याच्या वापरात आहे, येथून रंगनाथन आरंभ करतात. मग वाचकाच्या बाजूने पाहतात: कोणीही असो, त्याला त्याच्या उपयोगाचे पुस्तक मिळायला हवे. पुढे तेच पुस्तकाच्या बाजूने पाहतात: कपाटात धूळ खाणाऱ्या पुस्तकालाही त्याचा वाचक गाठून दिला पाहिजे. चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याचे, आणि पाचवे ग्रंथालय ही सतत वाढणारी, बदलणारी व्यवस्था आहे, याचे भान देणारे. वरवर पाहता ही साधी व्यवहाराची वाक्ये आहेत. परंतु दुसऱ्या सूत्रातील कोणीही या शब्दात जात, लिंग, गाव, पैसा यांपैकी कशाचाही अपवाद त्यांनी ठेवलेला नाही. १९३१ च्या भारतात हे विधान साधे नव्हते.

त्याच वर्षी तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले. एका निवृत्त अभियंत्याने ते उभारले आणि रंगनाथन यांचा त्याला पाठिंबा होता. पुस्तकांनी भरलेली गाडी ठरलेल्या वारी ठरलेल्या खेड्यात जाई. वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल तर ग्रंथालयाने वाचकापर्यंत जावे, हे दुसरे सूत्र बैलांच्या पावलांनी चालू लागले.

मात्र चांगुलपणावर आणि देणग्यांवर ग्रंथालये टिकत नाहीत, हे रंगनाथन यांनी लवकर ओळखले. त्यांनी ग्रंथालय कायद्याचा नमुना तयार करून १९३० मध्ये बनारस येथील आशियाई शिक्षण परिषदेत मांडला. पैशाची कायमची तरतूद हा त्याचा गाभा होता. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला. स्वातंत्र्यानंतर पहिला कायदा १९४८ मध्ये मद्रासमध्ये झाला आणि त्यात ग्रंथालय उपकराची तरतूद होती. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ मध्ये आला, पण त्यात हा उपकर नाही. गावोगावची ग्रंथालये सरकारी अनुदानाची वाट पाहत राहतात, त्याचे मूळ इथेही शोधावे लागते.

मद्रासमधील दोन दशकांचा शेवट कडू झाला. नव्या कुलगुरूंशी त्यांचे पटेना. पन्नाशी ओलांडलेल्या रंगनाथन यांनी १९४५ मध्ये विद्यापीठ सोडले. काही काळ ते खचले होते. मग बनारस हिंदू विद्यापीठाचे बोलावणे आले. तेथे दोन वर्षांत सुमारे लाखभर पुस्तकांचे वर्गीकरण त्यांनी जवळपास एकहाती केले, असे सांगितले जाते. १९४७ मध्ये कुलगुरू सर मॉरिस ग्वायर यांच्या निमंत्रणावरून ते दिल्ली विद्यापीठात आले, आणि त्यांच्या कार्याचा दुसरा, आजच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा अध्याय सुरू झाला.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. जानेवारी १९५० मध्ये पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सुरू झाल्या. इमारती उभ्या राहिल्या, उपकरणे आली, तरुण शास्त्रज्ञ रुजू झाले. पण संशोधनाला लागणारी माहिती पुस्तकांत नव्हतीच. ती परदेशी नियतकालिकांतील शोधनिबंधांत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा नियतकालिकांची संख्या झपाट्याने वाढत चालली होती. परकीय चलनाची चणचण होती. जहाजाने येणारा अंक हाती पडेपर्यंत महिने जात. बरेचसे महत्त्वाचे काम जर्मन, रशियन, फ्रेंच भाषांत होते. कोणतीही एक प्रयोगशाळा सारी नियतकालिके घेऊ शकत नव्हती. आणि जे नियतकालिक पुण्यात नाही ते कदाचित कलकत्त्यात किंवा बंगळूरमध्ये आहे, हे सांगणारी सोय नव्हती. रामानुजन यांच्या वाट्याला आलेली कोंडी आता एका व्यक्तीची न राहता साऱ्या देशाची झाली होती.

रंगनाथन यांनी या प्रश्नाकडे तीन अंगांनी पाहिले. पहिले, देशात कोणते नियतकालिक कुठे आहे याची संयुक्त तालिका हवी. दक्षिण आशियातील ग्रंथालयांत असलेल्या नियतकालिकांची अशी तालिका त्यांनी सहकाऱ्यांसह तयार केली आणि तिचा पहिला खंड १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरे, नियतकालिकातील प्रत्येक निबंधाची विषयवार नोंद व्हायला हवी, कारण संशोधकाला पूर्ण अंक नको असतो, त्यातील एखादा निबंध हवा असतो. या कामाला त्यांनी ग्रंथालयशास्त्राची स्वतंत्र शाखा मानले. मराठीत तिला प्रलेखन म्हणतात. तिसरे, एका ठिकाणी असलेल्या निबंधाची प्रत दुसऱ्या ठिकाणच्या संशोधकाला टपालाने मिळायला हवी आणि भाषा अडत असेल तर भाषांतरही.

या विचारातून उभी राहिली ती इन्सडॉक, म्हणजे भारतीय राष्ट्रीय वैज्ञानिक प्रलेखन केंद्र ही संस्था. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या छत्राखाली १९५२ मध्ये दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत ती सुरू झाली. युनेस्कोने तांत्रिक साहाय्य दिले. या संस्थेसाठी सातत्याने आग्रह धरणाऱ्यांत रंगनाथन अग्रभागी होते. दूरच्या गावातील संशोधकाने पत्र लिहावे. केंद्राने देशातील कोणत्या ग्रंथालयात तो निबंध आहे हे शोधावे, नसेल तर परदेशातून मागवावा, त्याची सूक्ष्मपट किंवा छायाप्रत काढावी आणि माफक शुल्कात टपालाने धाडावी, असे कामाचे स्वरूप होते. नियतकालिकाची एकच प्रत साऱ्या देशाने वाटून घ्यायची, हे गरिबीला व्यवस्थेने दिलेले उत्तर होते. १९५४ मध्ये केंद्राने ग्रंथालयशास्त्राचे स्वतःचे नियतकालिक सुरू केले आणि १९६५ मध्ये भारतीय वैज्ञानिक निबंधांच्या सारांशांचे प्रकाशन सुरू झाले. भारतातील संशोधन जगाला आणि भारतातल्या भारतातही कळावे, ही त्यामागची दृष्टी होती. बाहेरचे ज्ञान आत आणणे जेवढे आवश्यक, तेवढेच आपले ज्ञान बाहेर दिसणेही.

रंगनाथन यांचे स्वतःचे ज्ञानही बाहेर गेले. १९५२ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या वर्गीकरण संशोधन गटाने त्यांच्या घटकविश्लेषणाच्या पद्धतीचा पाया स्वीकारला. १९५५ ते १९५७ या काळात त्यांचे वास्तव्य झुरिचला होते. १९५७ मध्ये इंग्लंडमधील डॉर्किंग येथे माहिती शोधण्याच्या पद्धतींवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिच्या चर्चेवर त्यांच्या विचारांची छाप होती. ज्या देशाकडे पुरेशी नियतकालिके नव्हती, त्या देशातील ग्रंथपालाकडून श्रीमंत देश माहितीची मांडणी शिकत होते. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आयुष्यभराच्या बचतीतून साठविलेले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. ज्या विद्यापीठातून ते दुखावून बाहेर पडले होते, त्यालाच ती दिली आणि अध्यासनाला नाव दिले पत्नी शारदा यांचे. पुढे १९६१ मध्ये पुस्तकांच्या मानधनातून त्यांनी शारदा रंगनाथन यांच्या नावाने निधीही उभा केला. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९६२ मध्ये बंगळूरला प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले आणि त्याची धुरा सत्तरीतल्या रंगनाथन यांच्याकडे सोपविली. १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. द्विबिंदू पद्धत तर्कशुद्ध असली तरी व्यवहारात अवघड ठरली. तिची चिन्हे लांबत गेली, नव्या आवृत्तीत नियम बदलत गेले आणि अपुऱ्या मनुष्यबळावर चालणाऱ्या ग्रंथालयांना ती झेपली नाही. भारतातील बहुसंख्य ग्रंथालये आजही ड्यूई यांचीच पद्धत वापरतात. स्वभावाने ते हट्टी होते, मतभेद सहज मिटवत नसत. आणि ज्ञानाच्या वाटेत आडवी येणारी एक भिंत त्यांच्या हयातीत अजून पुरती उंच झालेली नव्हती. ती होती किमतीची.

त्यांच्या पश्चात संशोधन नियतकालिकांच्या वर्गण्या सतत वाढत गेल्या. १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा अनेक विद्यापीठांना परदेशी नियतकालिके बंद करावी लागली. इंटरनेट आले आणि जहाजाने अंक येण्याची वाट पाहणे संपले. पण पडद्यावर निबंधाचे शीर्षक दिसते आणि तो उघडू जावे तर पैसे मागितले जातात, असा नवा अनुभव येऊ लागला. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रकाशकांच्या सहकार्याने गरीब देशांना वैद्यकीय नियतकालिके मोफत किंवा अल्प दरात देणारी हिनारी ही योजना सुरू केली. भारत मात्र तिच्या लाभार्थी देशांत बसला नाही. प्रकाशकांच्या दृष्टीने ही मोठी बाजारपेठ होती. त्याच वर्षी बुडापेस्ट येथून संशोधन निबंध सर्वांना विनामूल्य खुले असावेत, असे आवाहन जगभरातील अभ्यासकांनी केले. आपल्याकडे विद्यापीठांनी एकत्र येऊन सामाईक वर्गणी भरण्याचे प्रयोग सुरू झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक राष्ट्र, एक वर्गणी ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६ हजार कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिके आणि ६,३०० सरकारी संस्था, असा तिचा आवाका आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली.

नियतकालिकाची एक प्रत देशाने वाटून घ्यावी, या इन्सडॉकच्या मूळ कल्पनेचेच हे आजचे रूप म्हणता येईल. इन्सडॉक मात्र त्या नावाने आता उरलेली नाही. २००२ मध्ये ती निस्केअर या संस्थेत आणि २०२१ मध्ये आणखी एका नव्या संस्थेत विलीन झाली. संस्था बदलल्या तरी प्रश्न तोच आहे. सरकारी विद्यापीठातील विद्यार्थ्याला जे मिळू लागले, ते पहिल्या टप्प्यात खासगी महाविद्यालयातील शिक्षकाला नाही, तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरला नाही, संस्थेशिवाय एकट्याने अभ्यास करणाऱ्यालाही नाही. कुंभकोणमचा रामानुजन आज असता तर तो कोणत्याच यादीत बसला नसता. मद्रास पोर्ट ट्रस्टमधील एका कारकुनाला कोण वर्गणीदार मानणार?

रंगनाथन यांचे दुसरे सूत्र या यादीबाहेरच्या वाचकासाठी होते. म्हणूनच १२ ऑगस्टला त्यांच्या प्रतिमेला हार घालताना आपल्या गावच्या ग्रंथालयातील कपाटे उघडी आहेत का, आणि तेथे येणाऱ्या माणसाला हवा तो शोधनिबंध मागता येतो का, एवढे पाहिले तरी त्यांची आठवण खऱ्या अर्थाने राखल्यासारखे होईल.